अप्पांच्या गळ्यातली लाईट

कॅन्सरवर जे किरण देतात त्यांना आमच्या भागात कुणी किरणोपचार म्हणत नाही. कर्नाटकातल्या औरादपासून बिदरपर्यंत आणि तिकडे कलबुर्गीपर्यंत मराठी बोलणारा माणूस त्याला 'लाईट' म्हणतो. अमक्याला किती लाईट बसल्या, तमकीच्या अजून सात राहिल्यात, असं बोलणं पारावर सहज चालतं. मी दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत वीस वर्षं या किरणांच्याच संगतीत काढली, त्यांच्यावर इंग्रजीतून बरंच काही लिहिलं. तरी वडिलांनी, अप्पांनी, फोनवर "डाक्टर लाईट घ्या म्हणायलाय" असं सांगितलं, तेव्हा मला वाटलं घरातली ट्यूब गेली असेल.

"कसली लाईट?" मी विचारलं.

"गळ्याची," अप्पा म्हणाले. आवाज घासून आल्यासारखा येत होता. "तेहतीस घ्या म्हणायलाय. मला येक सांग माय, मधीच लाईट गेली तर?"

मी हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. ज्या माणसानं जन्मभर लाईटची वाट बघून विहिरीवरची मोटर सुरू केली, त्यानं दुसरं काय विचारायचं? पण हसून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की गेले चार महिने फोनवरचा जो आवाज मी सर्दीचा समजत होते, तो सर्दीचा नव्हता. जगाच्या पेशी बघणारी मी, आणि बापाचा घसा बसलेला मला कळला नाही.

त्याच दुपारी मी कलबुर्गीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्यांनी स्वच्छ सांगितलं. स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ आहे, कॅन्सरचीच आहे, पण लहान आहे. आत्ता किरण घेतले तर गाठ जाण्याची आशा चांगली, आणि आवाजही बहुतेक राहील. उशीर केला तर स्वरयंत्रच काढावं लागेल, म्हणजे जीव राहील पण आवाज राहणार नाही. "तुमचे वडील दोन्हीला नाही म्हणून उठून गेले," बाई म्हणाल्या. "तुम्ही समजावून बघा."

अप्पांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. आजोबा मांजरेच्या काठाकाठानं कळप घेऊन आठ-आठ महिने बाहेर असत. अप्पांनी जमीन धरली, हरभरा-तूर पिकवली, मला शिकवलं, पण वीस-बावीस मेंढरं काही सोडली नाहीत. त्यांना ते हाळी देऊन वळवत. काठी उगारलेली मी कधी पाहिली नाही. पोटातून निघालेली एक लांब, वर चढत जाणारी आरोळी, आणि दोन शेतांपलीकडचा कळप मान वर करून माघारी फिरायचा. मी शाळेतून येताना ती हाळी ऐकून ओळखायची की अप्पा कुठल्या बांधावर आहेत. घरात मात्र हा माणूस दिवसाला दहा वाक्यंही बोलायचा नाही. त्यांचा सगळा आवाज मेंढरांसाठी राखलेला होता.

मी रजा टाकली, हैदराबादपर्यंत विमानानं, तिथून बिदर, आणि बिदरहून बसनं औरादला आले. सोबत लॅपटॉप घेतला होता. अप्पांना सांगून पटत नाही, दाखवून पटतं, एवढं मला ठाऊक होतं. त्यात चूक कुठं झाली ते पुढं येईलच.

माझं काम नेमकं काय ते घरी कुणाला नीट कळलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, "ती दुर्बिणीतून बारीक किडं बघती, सरकार पगार देतंय." तर मी बघते ते असं. कार्बनचे किंवा लोखंडाचे अणू घ्यायचे, त्यांच्या अंगावरचे इलेक्ट्रॉन उतरवायचे आणि त्यांना एका लांबलचक यंत्रातून असा वेग द्यायचा की विचारू नका. मग ते जिवंत पेशींवर सोडायचे. असा एक कण पेशीतून आरपार जातो, आणि जायला त्याला जो वेळ लागतो तो एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग नसतो. तो येताना दिसत नाही, जातानाही नाही. मग तो गेला कुठून, हे कळायचं कसं? आमचं सगळं काम या एका प्रश्नाचं आहे.

त्यासाठी आम्ही पेशी एका काचेसारख्या स्फटिकाच्या पातळ चकतीवर वाढवतो. कण पेशीतून जातो आणि खाली चकतीत घुसतो, तिथं त्याची खूण कायमची राहते. आणि वर पेशीत, तुटलेल्या ठिकाणी, दुरुस्ती करणारी प्रथिनं गोळा होतात. समुद्रातल्या एका जेलीफिशकडून उसना घेतलेला चकाकणारा तुकडा आम्ही त्या प्रथिनांना आधीच जोडून ठेवलेला असतो, त्यामुळं ती जमली की तिथं हिरवा ठिपका उजळतो. खाली कणाची खूण, वर पेशीची जखम. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की कण नेमका कुठून गेला ते समजतं.

पहिल्यांदा हे बघितलं तो दिवस माझ्या अंगावरून अजून उतरलेला नाही. कण तिरके सोडले होते. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत आम्ही तिघं होतो. पडद्यावर पेशीचं केंद्रक, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढं असेल नसेल, सगळीकडून सारखं फिकट हिरवं. किरण दिले. काही झालं नाही. मिनिट गेलं, दोन गेली. मग त्या हिरव्यात हळूहळू हालचाल झाली, कुठं विरळ झालं, कुठं दाट झालं, आणि केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिपक्यांची एक सरळ ओळ उजळली. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्या पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत, आणि तरी जिथं तुटलं तिथंच ती सगळी प्रथिनं धावून आली होती. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. सोबतच्या दोघांपैकी एक तमिळ, एक बंगाली. त्यांना शब्द कळला नाही, पण दोघांनी मान हलवली. मी मग बाहेर जिन्यात जाऊन थोडी रडले, कशासाठी ते सांगता येणार नाही.

घरी पोचले तेव्हा सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. अप्पा भिंतीला टेकून घोंगडी सांधत बसले होते. घोंगडी जुनी, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची. तिला कसर लागली होती, आणि एका कोपऱ्यात कधीतरी चुलीची ठिणगी पडलेली. मी पाणी प्यायले आणि लगेच लॅपटॉप उघडला. मला दम धरवत नाही.

"उन्हात काय बी दिसंना," अप्पा म्हणाले. आणि त्यांनी काय केलं, तर ती घोंगडी झटकून आम्हा दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. लहानपणी पावसात आम्ही असंच बसायचो. आत अंधार झाला आणि लोकरीचा वास आला. कसरीच्या भोकांतून उन्हाचे बारीक ठिपके आमच्या हातांवर पडले.

"ह्याच का तुझ्या पेशी?" अप्पांनी मनगटावरचे ठिपके दाखवून विचारलं.

"त्या न्हाईत अप्पा. इकडं बघा."

मी चित्रफीत लावली. ही आमच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांना दाखवायची चित्रफीत, सगळ्यांना आवडणारी. निरोगी पेशी आणि हलके कण. दिवसभराचं चित्रण आम्ही चार मिनिटांत बसवलेलं. केंद्रक दिसतं, कण जातो, ठिपके उजळतात, तासामागून तास जातात, आणि एकेक ठिपका विझत जातो. शेवटी केंद्रक पुन्हा होतं तसं, फिकट आणि सारखं.

"बाण आरपार गेला, त्याची ही वाट," मी सांगितलं. "आणि ही जी लाईट लागली ना, ती सांधणारे आलेत म्हणून. तुटलेलं सांधून झालं की लाईट जाते."

अप्पा पुढं वाकले. मग म्हणाले, "परत लाव." मी लावली. तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा त्यांनी घोंगडीचं टोक वर करून आईला हाक मारली. घासलेल्या आवाजात ती अंगणापर्यंतही पोचली नाही, मग मी मारली. आई वाकून आत डोकावली.

"बघ गं," अप्पा म्हणाले. "आपल्या अंगात हे असं चालायलंय. आन् आपल्याला खबर बी न्हाई." त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "बाण दिसला न्हाई, त्येचा माग तेवढा दिसायलाय. कोण शिकवलं असंल गं ह्यांला?"

"कुणी नाही."

"कुणीच न्हाई?" ते म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. एवढ्याशा पडद्याला. मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, झालं काम. दिल्लीत मोठमोठ्या साहेबांना ही चित्रफीत दाखवली, ते "फारच सुंदर" म्हणून चहाकडे वळले. माझ्या बापानं हात जोडले.

मग अप्पांनी घोंगडी खाली केली, उन्हात डोळे बारीक केले आणि विचारलं, "मग माझ्या गाठीतली बी सांधून घेतीलच की?"

मी लॅपटॉप मिटत होते, ती थांबले.

"लाईट दिली, गाठ तुटली. सांधणारे आले, लाईट गेली. गाठ हाय तशीच. मग कामून जायचं माय तिथंवर?"

वीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो पहिला असायला हवा होता. जी गाठ मरायला हवी तिच्यासाठी मी बरं होण्याचं चित्र दाखवलं होतं. पाहुण्यांच्या सवयीनं सुंदर ते उचललं, आणि उपयोगाचं मनातूनच टाकून दिलं. मला राग आला, तो स्वतःचा आला होता पण निघाला अप्पांवर. "तुम्हाला जायचंच न्हाई म्हणून तुमी खुसपट काढायलाव," असं काहीतरी मी बोलले. अप्पांनी सुईत धागा ओवला. आई म्हणाली, "आल्या आल्या भांडण! आधी दोन घास खा."

दुसरी चित्रफीत लॅपटॉपमध्ये होती. पण ती आम्ही कुणाला दाखवत नाही. ती गाठीच्या पेशीची आहे, जड कणांची. तिच्यातही ठिपके उजळतात, सांधणारे येतात, धडपडतात. तास जातात. काही ठिपके विझतात, पण वाटेवरचे दोन-तीन विझतच नाहीत. मग पेशी दोन व्हायला बघते, तिला जमत नाही, ती आकसते, आणि चित्र संपतं. गाठीची असली तरी पेशीच ती. मला ते बघताना नेहमी कसंतरी व्हायचं आणि मी आकडे नोंदवून खिडकी बंद करायची. आता ते चित्र बापाला दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी स्वतःच घोंगडी आम्हा दोघांवर ओढली. "अप्पा, काल मी चुकीची दाखवली," मी म्हणाले. "ही बघा."

त्यांनी ती एकदाच बघितली. संपल्यावर घोंगडी बाजूला सारली, मांडीवर पसरली आणि कसरीची जागा माझ्यापुढं धरली. "हे बघ. कसर येक धागा हितं खाती, येक तितं खाती. बाजूचे धागे शाबूत असतेत, त्यांला धरून सांधता येतंय. कळत बी न्हाई." मग त्यांनी ठिणगीचा कोपरा धरला. तिथं बोट जाईल एवढं भोक होतं, कडा काळ्या. "हितं उभा बी गेला, आडवा बी गेला, येकाच जागी. सुई घालायला धरायचं काय? तुझा जड बाण असा हाय. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणाले. मी हे वर्गात शिकवते, फळाभर आकृत्या काढून. तेवढ्या वेळात अप्पांनी सुईत दुसरा धागा ओवला होता.

"ह्यो जड बाण मला मिळायलाय का?"

खरं सांगणं भाग होतं. "न्हाई. तो आपल्याकडं दवाखान्यात अजून आलेला नाही. तुमाला हलकीच लाईट मिळणार. कसरीसारखी. म्हणून तर तेहतीस डाव. रोज थोडं तुटतं. चांगल्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत सांधून घेतात. गाठीच्या पेशींना वाढायची घाई असते, त्यांना नीट सांधायला जमत नाही. तुटक्यावर तुटकं साठत जातं."

अप्पांनी विचार केला. "आन् त्या बी सांधल्या तर?"

"तर मी काही सांगू शकत नाही. होईलच असं मी म्हणणार नाही, अप्पा."

मला वाटलं आता ते परत नाही म्हणणार. पण ते म्हणाले, "हरवलेलं मेंढरू घावंलच असं कोण सांगतंय? माग दिसला की निघायचं असतंय." आणि आईला म्हणाले, "माझं धोतर काढ गं. कलबुर्गीला जायचं हाय."

दवाखान्याजवळ आम्ही एक खोली घेतली. पहिल्या दिवशी अप्पांचा साचा केला. गरम पाण्यात मऊ केलेला प्लॅस्टिकचा जाळीदार पत्रा तोंडावरून खांद्यांपर्यंत दाबून बसवतात, तो गार होऊन कडक होतो, आणि मग रोज तोच साचा बांधून माणसाला टेबलाला जखडतात, गळा केसभर हलू नये म्हणून. अप्पा बाहेर येऊन म्हणाले, "मला मुसकं बांधलं माय. मळणीतल्या बैलावाणी." यंत्रावरचा माणूस दख्खनी बोलणारा होता. तो रोज दारातून सांगायचा, "चच्चा, हिलना नक्को," आणि अप्पा मुसक्यातून "हौ" म्हणायचे. डॉक्टरीणबाईंशी ते कन्नड बोलायचे, माझ्याशी मराठी. तीन भाषांत तो आवाज सारखाच घासत होता.

शनिवार-रविवार लाईट नसायची. अप्पांनी त्याला नाव पाडलं, सांधणी. सोमवार ते शुक्रवार तोडणी, शनिवार-रविवार सांधणी. आठवड्याभरात बाहेरच्या बाकावरचे सगळे रुग्ण तसंच बोलायला लागले. हुमनाबादहून रोज बसनं येणाऱ्या एक बाई मला विचारायच्या, "उद्या तोडणी हाय का सांधणी?" त्या बाकावर बसून मी दारावरच्या लाल दिव्याकडे बघायची. दिवा दोन-तीन मिनिटं लागायचा. तेवढ्यात भिंतीपलीकडे, माझ्या बापाच्या गळ्यातल्या न मोजता येणाऱ्या पेशींतून किरण आरपार जात असत, आणि दिवा विझून अप्पा धोतर सावरत बाहेर येत असत तेव्हा आत सांधणारे धावत निघालेले असत. मी प्रयोगशाळेत एका वेळी एक पेशी बघते. इथं सगळाच्या सगळा माणूस तसा उजळलेला होता आणि मला विचारत होता, "चहा घ्यायचा का?"

चौथ्या आठवड्यात अप्पांचा आवाज गेला. घासणंही गेलं. गळा आतून सोलला होता, बाहेरची कातडी काळवंडली होती, आंबील गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. असं होतं, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मलाही ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं. ज्या आवाजासाठी आलो तोच मी इथं आणून घालवला का, या विचारानं मी रविवारी दुपारी त्या खोलीत बसले होते, आणि अप्पांनी हातानं खूण केली. बस. उद्या नाही.

"अजून तेरा राहिल्यात अप्पा."

त्यांनी गळ्याला हात लावला आणि मूठ झटकून उघडली. सगळं जळालं.

मी चिडले. अर्धं सोडणं म्हणजे गाठीला मोकळं रान, असं ओरडले. डॉक्टरचं ऐका, माझं ऐका, वीस वर्षं मी काय झक मारली का, असंही बोलले. शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. मग माझाच आवाज फुटला आणि मी म्हणाले, "मला भीती वाटायलीय, अप्पा." ते पहिल्यांदाच बोलले मी.

अप्पा उठले. कोपऱ्यातली घोंगडी, तीच, सोबत आणलेली, त्यांनी उचलली. माझ्याजवळ येऊन बसले आणि ती आमच्या दोघांच्या डोक्यावरून ओढली. खोलीत तसा अंधारच होता, गरज नव्हती. त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

"कुठली?" मी विचारलं.

त्यांनी एक बोट वर केलं. पहिली. चुकीची म्हणून मी जी बाजूला टाकली होती ती. निरोगी पेशींची.

आम्ही ती लावली. बाण गेला, ठिपके उजळले. अप्पा एका ठिपक्यावर डोळा लावून बसले, आणि तो विझला तसं त्यांनी गळ्यावर एका जागी बोट टेकवलं. दुसरा विझला, बोट थोडं सरकलं. चार मिनिटांत त्यांनी सगळा गळा चाचपून घेतला. मी पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. चित्र फिकट आणि सारखं झालं, तेव्हा त्यांनी माझ्यापुढं उघडा पंजा धरला आणि हळूहळू मिटला. लाईट गेली.

सोमवारी सकाळी मी उठले तर ते तोंड धुऊन, टोपी घालून दाराशी उभे होते.

तेहतीस पुऱ्या झाल्या. मी त्यांना औरादला सोडून दिल्लीला परत आले. काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी गळ्यात नळीचा कॅमेरा घालून बघितलं आणि मला फोन केला. गाठ दिसत नाही. वर्षानुवर्षं तपासत राहावं लागेल, पण आत्ता दिसत नाही. "आवाज?" मी विचारलं. "वेळ लागेल. कसा येईल ते नाही सांगता येत."

अप्पा फोनवर यायचे नाहीत. आई सांगायची, घरात कुजबुजतात, शेतात जातात, मेंढरांमागं काठी घेऊन पळतात आणि दमून येतात. काठी घेऊन, हे ऐकलं की मी फोन लवकर ठेवायची. मी दुसरी चित्रफीत पुन्हा बघायला लागले होते. न विझणाऱ्या त्या दोन-तीन ठिपक्यांना मी आता मनातल्या मनात म्हणायची, राहा बाबांनो, विझू नका. आणि पहिली लावली की उलटं म्हणायची. एकाच हिरव्या उजेडाकडे मी असे दोन नवस बोलत होते.

एका दुपारी मी चकतीवरचे ठिपके जुळवत बसले होते आणि फोन वाजला. आईचा नंबर. "हॅलो" म्हटलं तर पलीकडून वारा, आणि मग एक आवाज. पहिल्यापेक्षा जाड, थोडा खरखरीत, पण पोटातून आलेला.

"माय, लाईट गेली."

क्षणभर मला खरंच वाटलं, औरादची लाईट गेली. मोटर बंद पडली असेल, कुणाला सांगायचं म्हणून मला सांगतात. मग मला कळलं, गळा सांधून झाला होता.

"कवा?" मी विचारलं.

"आत्ता," अप्पा म्हणाले. "मेंढरं वळली."